बदलापुरात उमटलेला जपानी ठसा

फलटणला परत येऊन बारा दिवस झाले, तरी भेटेल तो विचारतोच, "काय बाई, जपानी शिकून आलात म्हणे?" मी जपानला जाऊन आले अशी निम्म्या गल्लीची समजूत आहे. मी गेले होते बदलापूरला. फक्त सात दिवस. पण त्या सात दिवसांत जे पाहिलं, जे खाल्लं आणि माझ्या हातून जे बिघडलं, ते एकेकाला तोंडी सांगत बसण्यापेक्षा लिहून काढलेलं बरं.

मी एकतीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली. पाचवीच्या वर्गाला मी भेंडी आडवी कापून तिचे ठसे उमटवायला लावायची, आठवीला रबराच्या तुकड्यावर कोरायला द्यायची. बहुतेक मुलं ठसे उमटवण्यापेक्षा शाईच जास्त सांडायची. प्रज्ञा मात्र मधल्या सुट्टीतही कोरत बसायची. तिचे वडील अंबरनाथच्या कारखान्यात नोकरीला होते, आणि ती आईबरोबर फलटणला आजोळी राहायची. नववीत असताना सगळं कुटुंब बदलापूरला गेलं. पुढे ती मुंबईत कला शिकली, शिष्यवृत्ती मिळवून दोन वर्षं जपानला राहिली आणि तिथली लाकडी ठशांची छपाई शिकून आली. दर वर्षी शिक्षक दिनाला तिचा फोन चुकत नाही.

या वर्षी तो एप्रिलमध्येच आला. "बाई, माझ्या सेन्सेई येतायत बदलापूरला. आम्ही दोघी मिळून एक चित्र छापणार आहोत. तुम्ही याच."

सेन्सेई म्हणजे गुरू. मी म्हटलं, "अगं, तुझ्या गुरू आल्यावर माझं काय काम तिथं?"

"मला माझ्या दोन्ही बाई एका खोलीत बघायच्यात," ती म्हणाली. यावर नाही कोण म्हणेल?

हेंद्रेपाडा

मे महिन्याची दुपार. बदलापूर स्टेशनवर प्रज्ञाचे वडील अशोकभाऊ मला घ्यायला आले होते. उंच, वाळकी अंगकाठी, निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी कानावर पेन्सिल. माझी पिशवी त्यांनी हातातून काढून घेतली आणि हेंद्रेपाड्यातल्या घरापर्यंत रिक्षात ते एकच वाक्य बोलले, "ती जपानी बाई सुकट खाते."

खरंच खात होती. घरात शिरले तर स्वयंपाकघरात डोक्याला पंचासारखा टॉवेल गुंडाळलेली, पन्नाशीची एक सडपातळ बाई प्रज्ञाच्या आईशेजारी पाटावर बसून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी चवीनं खात होती. या नाओको-सान; सान म्हणजे आपल्याकडच्या 'जी'सारखं. मला पाहून त्या उठल्या आणि कमरेत वाकल्या. मी नमस्काराला हात जोडले. त्या आणखी वाकल्या. आता मीही वाकावं की काय म्हणून वाकले, तर त्या पुन्हा वाकल्या. शेवटी प्रज्ञाची आई शोभाताई म्हणाल्या, "बसा हो बाई आता, भाकरी गार होतेय."

नाओको-सानना जपानी आणि थोडं इंग्रजी येतं. मधे प्रज्ञा बसून सगळं इकडचं तिकडे करायची. त्यांच्या गावीही म्हणे बारीक वाळवलेले मासे भातावर घेतात. पुढे जांभळं आली. बदलापूरची जांभळं मोठी, गरानं भरलेली. आमच्याकडे बाजारात येतात ती यांच्यापुढे नुसती बी. नाओको-साननी एक चिरडून रस बोटानं आपल्या वहीत लावला. "आठवड्यात उडून जाईल हा रंग," त्या म्हणाल्या, "पण आज तरी आहे."

मग मी पाणी घ्यायला फ्रीज उघडला, तर कैरीच्या लोणच्याशेजारी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या कागदांचा जाड गठ्ठा! हा जपानहून आलेला, झाडाच्या सालीपासून हातानं केलेला कागद. छपाईआधी तो ओलसर करून ठेवावा लागतो, आणि या उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर त्याला बुरशी धरेल. म्हणून त्याची सोय फ्रीजमध्ये. शोभाताई हळूच मला म्हणाल्या, "चार दिवस झाले, मी कालवणाचं पातेलं ठेवायला जागा शोधतेय."

संध्याकाळी गॅलरीत प्रज्ञा माझ्याशेजारी येऊन बसली. या चित्राच्या तीस प्रती छापायच्या होत्या. पावसाळ्यानंतर मुंबईत तिचं आणि नाओको-सानचं मिळून प्रदर्शन होतं, आणि रविवारी दुपारी नाओको-सानना विमानतळावर जायचं होतं. "पहिल्यांदा त्यांच्या नावाशेजारी माझं नाव येणार आहे, बाई," ती म्हणाली. मी विचारलं, पप्पांना आनंद झाला असेल ना? तिनं मान हलवली. "पप्पा माझ्या एकाही प्रदर्शनाला आलेले नाहीत. म्हणतात, हाताच्या कामाचं शेवटी काय होतं ते मी बघितलंय."

उल्हासनगर

दुसऱ्या दिवशी फळ्या कापून आणायला उल्हासनगरला निघालो. अशोकभाऊही आले.

आधी ही छपाई कशी असते ते थोडक्यात सांगते. चित्रातल्या रेघांची एक फळी कोरायची आणि प्रत्येक रंगाची वेगळी. मग एकच कागद एकामागून एक प्रत्येक फळीवर दाबायचा. शाईला तेल नाही, यंत्र नाही. पाण्यातला रंग, तांदळाची खळ आणि हाताचा दाब. पूर्वी जपानात चित्र काढणारा एक, फळी कोरणारा दुसरा आणि छापणारा तिसरा असायचा. नंतरच्या चित्रकारांनी सगळं एकट्यानं करायला सुरुवात केली. आणि आताचे काय काय करतात! नाओको-साननी मला फोनवर दाखवलं. कोणी दाराएवढ्या फळ्या छापून छतापासून टांगतात, कोणी कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापून मागून दिवा लावतात. त्यांचं स्वतःचं एक चित्र होतं, बर्फात बुडालेल्या खेड्यात थंड पेयांचं एक यंत्र एकटंच उजळत उभं. मोबाइलवर काढलेला फोटो, पण छापलेला जुन्या पद्धतीनं. मी ते कितीतरी वेळ बघत राहिले.

आमच्या चित्राच्या चार रंगफळ्या साध्या प्लायवूडच्या होत्या, आणि त्या लेसर मशीनवर कापायच्या होत्या. फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्लीत हरेशभाईंचं दुकान. दर्शनी भागात नावाच्या पाट्या, लग्नात द्यायच्या लाकडी पेट्या, देवांची घड्याळं. मागच्या खोलीत मशीन. अशोकभाऊ दारातच थांबले. "तुम्ही जा. मी इथं बरा आहे," म्हणाले.

"आओ ताई, बसा, बसा!" हरेशभाईंनी खुर्च्या ओढल्या. "जपानच्या मॅडम पुन्हा आल्या ना? पहिले खाना, नंतर काम." आणि काम राहिलं बाजूला, समोर दाल-पकवान आलं. कुरकुरीत, ताटलीएवढी पुरी, वर घट्ट चणाडाळ, चिंच, कांदा. नाओको-साननी पकवान मोडलं आणि त्याचा आवाज ऐकून लहान मुलीसारख्या हसल्या.

मशीन सुरू झालं. एक बारीक ठिणगी फळीवरून सरकत गेली, जळक्या लाकडाचा वास सुटला, आणि पाहता पाहता आकार उठून आले. हरेशभाईंना एक कोडं पडलं होतं. "मॅडमना विचार ना, चार फळ्या मशीनवर, मग पाचवी हातानं कशाला? मी वीस मिनिटात देतो काढून."

प्रज्ञानं विचारलं. नाओको-सान म्हणाल्या, "या चार फळ्यांत नुसते रंगाचे सपाट भाग आहेत. रेघ मात्र मला हातानंच कापायचीय. इथं वाचलेला वेळ मी तिथं खर्च करते."

"समझ गया," हरेशभाईंनी मान डोलावली. "माझी आई पापडाचं पीठ मशीनमधून आणते, पण लाटते हातानं. सून लाटते ते खात नाही."

त्यांच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून समोरची गच्ची दिसते. तिथं एका लांब दोरीवर वीस-पंचवीस नव्या जीन्स वाळत होत्या, प्रत्येकीचा निळा वेगळा, आणि त्यांच्या मागे उन्हात विरघळलेला मलंगगडाचा डोंगर. नाओको-सान पहिल्यांदा या दुकानात आल्या तेव्हा त्यांनी याच खिडकीत बसून हे काढलं होतं. तेच आमचं चित्र. मी इतकी वर्षं मुलांना डोंगर, नदी आणि झोपडी काढायला लावत आले. वाळणाऱ्या पँटी काढा, असं मला कधी सुचलं नाही.

फळ्या घेऊन बाहेर आलो. अशोकभाऊंनी एक उचलून तिची कड अंगठ्यानं चाचपली. कड जळून काळी झाली होती. त्यांनी फळी परत दिली आणि बोट रुमालाला पुसलं.

अंबरनाथ

तिसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत अंबरनाथचं शिवमंदिर पाहायला गेलो. काळ्या दगडावर आतबाहेर एक हात जागा मोकळी सोडलेली नाही. आम्ही चौफेर हिंडलो. नाओको-सान मात्र एका कोपऱ्यातल्या मूर्तीसमोर बसल्या आणि तासभर त्यांनी फक्त तिचा एक हात काढला. बेलाची पानं विकणारी एक आजी शेजारी टेकली. "कोरियाच्या का ह्या?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, जपानच्या. आजीचा थोडा हिरमोड झाला. "माझी नात कोरियाच्या सिरियली बघते. बरं, चालंल. एक फोटू काढा आमचा, तिला काय कळतंय!" फोटो काढला. आजीनं नाओको-सानच्या हातात बेलाची जुडी ठेवली, आणि त्यांनी ती दोन्ही हातांत धरून कपाळाला लावली.

परतताना अशोकभाऊंनी आपण होऊन रिक्षा एका कारखान्याच्या फाटकापाशी थांबवली. आत आता कसलंसं गोदाम आहे. समोर कोकम सरबताची गाडी होती, तिथं झाडाच्या सावलीत आम्ही उभे राहिलो आणि तीन दिवसांत पहिल्यांदा ते बोलायला लागले.

"पंप असू दे, व्हॉल्व्ह असू दे, आधी तो लाकडाचा व्हायचा," ते म्हणाले. "लाकडाचा आम्ही करायचो. त्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि त्या पोकळीत लोखंड ओतायचं. केसाएवढा फरक चालायचा नाही. आम्ही नऊ पॅटर्नमेकर होतो. मग कॉम्प्युटरवर कापणारं मशीन आलं. मला स्टोअरमध्ये बसवलं. सहा वर्षं मी नट-बोल्ट दिले आणि घेतले."

प्रज्ञा हे हळू आवाजात जपानीत सांगत होती. मला वाटतं, तिनंही ते इतकं सलग पहिल्यांदाच ऐकलं.

"तिला विचार," अशोकभाऊ म्हणाले, "मशीनची भीती नाही वाटत?"

नाओको-साननी हातातला पेला खाली ठेवला. "माझ्या गुरूंच्या फळ्या कापणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्याकडे शिकायला कोणीच आलं नाही. ते गेले, आणि मी दोन वर्षं काही छापलं नाही. मग मशीनकडे गेले. तिथं मशीननं कोणाला उठवलं नाही, जागा रिकामीच होती." त्यांनी अशोकभाऊंकडे पाहिलं. "तुमची जागा रिकामी नव्हती. त्याचं मला वाईट वाटतं."

अशोकभाऊंनी सरबत संपवलं, पेला परत दिला आणि मग म्हणाले, "तिची सुरी बघू जरा."

नाओको-साननी पिशवीतून कापडात गुंडाळलेली कोरायची सुरी काढली. अशोकभाऊंनी ती नखावर टेकवून पाहिली. "धार चांगली आहे. दगड कुठला वापरते?" तिथून बदलापूरपर्यंत दोघं धार लावायच्या दगडांबद्दल बोलत होती, आणि बिचाऱ्या प्रज्ञाचं सांगून सांगून तोंड दुखलं.

खरवई

प्रज्ञाची काम करायची जागा खरवईला आहे, एका नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक खोली. एका खिडकीतून भाताची कोरडी खाचरं दिसतात, दुसरीतून बांधकामाची क्रेन. खोलीच्या मधोमध बुटक्या मेजावर रेघांची फळी ठेवली होती. ही नाओको-साननी जपानहून आणलेली, डोंगरी चेरीच्या लाकडाची, गुळगुळीत, तांबूस. अशी एकच होती. तिच्यावरचं बरंचसं काम गुरू-शिष्येनं मी यायच्या आधीच कोरून संपवलं होतं.

नाओको-सान मला "बाई-सान" म्हणायच्या. बुधवारी दुपारभर त्यांनी माझ्याकडून प्लायवूडच्या तुकड्यावर रेघा कोरून घेतल्या. रेघ कोरायची म्हणजे रेघ सोडून बाकीचं लाकूड काढायचं. दोन्ही बाजूंनी कापत आणायचं आणि मधे केसासारखा बांध उभा ठेवायचा. संध्याकाळी त्यांनी माझा तुकडा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, बाई-सानचा हात स्थिर आहे, खऱ्या फळीवरचा उजवा कोपरा त्यांना द्यायचा. तिथं एका जीन्सच्या दोन चुण्या कोरायच्या राहिल्या होत्या. प्रज्ञा म्हणाली, "बाई, चुण्या करा, पण वरची दोरी राहू द्या. ती मी करते." मी हो म्हटलं. त्या रात्री मला आनंदानं नीट झोप आली नाही, हे कबूल करते.

गुरुवारी सकाळी प्रज्ञा आणि नाओको-सान हेंद्रेपाड्याला कागद आणायला गेल्या. मी एकटीच होते. चुण्या छान जमल्या. इतक्या छान, की मला वाटलं, दोरीची खालची बाजू तेवढी साफ करावी. वळण आलं की फळी फिरवायची, हात फिरवायचा नाही, हे मला दहा वेळा सांगितलं होतं. मी हात फिरवला. सुरी उडाली, आणि तांदळाच्या दोन दाण्यांएवढी ढलपी निघून मेजावर पडली. दोरी तुटली होती. चित्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाणारी, जिच्यावर सगळ्या जीन्स लटकल्या आहेत, तीच.

मग मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. मी ती ढलपी उचलली, वाटीतली खळ लावली आणि जागेवर चिकटवून टाकली. वरून काही कळत नव्हतं. मनात आलं, मी फलटणला पोचेपर्यंत टिकली तरी पुरे. पंधरा मिनिटं मी त्या फळीसमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. जिन्यात पावलं वाजली, दार उघडलं, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "प्रज्ञा, माझ्या हातून दोरी तुटली."

नाओको-सान खाली वाकल्या. नखानं ढलपी अलगद उचलली. "सो देस का," एवढंच म्हणाल्या, म्हणजे "असं आहे होय." प्रज्ञाचा मात्र तोल गेला. "बाई, मी सांगितलं होतं ना, दोरीला हात लावू नका म्हणून! दुसरी फळी आता कुठून आणू मी?" आणि ती तडक गॅलरीत जाऊन उभी राहिली. नववीपर्यंत आणि त्यानंतरही तिनं माझ्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. तिचं काही चुकलं नव्हतं. रविवारी विमान, तीस प्रती, आणि मी.

थोड्या वेळानं ती आत आली, डोळे पुसून. नाओको-सान म्हणाल्या, ढलपी चिकटवून भागणार नाही. पाण्याचा ब्रश तीस वेळा फिरला की ती सुटणार. तिथं लाकडाचा नवा तुकडा ठोकून बसवायला हवा. गुरूंच्या फळ्या कापणारे ते म्हातारे गृहस्थ असाच बसवायचे. नाओको-साननी ते नुसतं पाहिलं होतं, स्वतः केलं कधी नव्हतं.

मी म्हटलं, "अशोकभाऊंना विचारू या का?"

"पप्पा नाही यायचे," प्रज्ञा म्हणाली.

चूक माझी होती, म्हणून फोनही मीच लावला. "भाऊ, माझ्या हातून घोटाळा झालाय," असं म्हणून सगळं सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "किती लांब? लाकडाच्या रेषेच्या दिशेनं की आडवं?" मी सांगितलं. "येतो," म्हणाले.

अर्ध्या तासात ते पत्र्याची पेटी घेऊन आले. पेटीत त्यांच्या पटाश्या होत्या, प्रत्येकीला जुन्या मोज्याचं टोपण. चष्मा चढवला, भिंग घेतलं आणि कोणाशी न बोलता फळीभोवती फिरले. फळीच्या कडेला कागद नेमका बसावा म्हणून दोन खाचा केलेल्या असतात. त्या पाहून ते थबकले. "हे कागद जुळवायला का? आमच्या पॅटर्नच्या दोन अर्ध्यांना अशाच खुंट्या असायच्या." मग म्हणाले, "तुकडा याच फळीचा पाहिजे. चित्राबाहेरची ही कड कापतो. दुसरं लाकूड घातलं तर पाणी लागल्यावर ते वेगळं फुगेल आणि दोरीला गाठ येईल."

प्रज्ञानं हे जपानीत सांगितलं मात्र, नाओको-साननी दोन्ही हात तोंडावर नेले. ते म्हातारे गृहस्थ अगदी हेच म्हणायचे म्हणे, याच शब्दांत.

दीड तास लागला. तुटल्या जागी त्यांनी होडीच्या आकाराची खाच घेतली, आत निमुळती होत जाणारी. कडेच्या लाकडातून तशीच होडी कापली, तिच्या लाकडाच्या रेषा फळीच्या रेषांना जुळवल्या. मी विचारलं, गोंद लावायचा का. "गोंद नको, बाई. ताणून बसला पाहिजे. पाणी प्यायला की अजून घट्ट होईल." लाकडी हातोडीचे सात-आठ हलके ठोके. मग पटाशीनं वरचा भाग फळीच्या पातळीत आणला.

आता त्या नव्या तुकड्यावर दोरी कोरायची होती. नाओको-साननी आपली सुरी दोन्ही हातांवर ठेवून अशोकभाऊंसमोर धरली. ते मागे सरकले. "मला चित्र येत नाही."

"पप्पा, मी काढून देते," प्रज्ञा म्हणाली. तिनं खाली बसून बारीक पेन्सिलीनं दोन रेषा ओढल्या, तुटलेल्या टोकापासून तुटलेल्या टोकापर्यंत. अशोकभाऊ तिच्या शेजारी बसले आणि कोरायला लागले. वळणावर त्यांनी हात फिरवला नाही. प्रज्ञा फळी फिरवत होती, त्यांनी न सांगता, हवी तेव्हा आणि हवी तेवढी. मी आणि नाओको-सान भिंतीला टेकून बघत होतो.

सगळं झाल्यावर प्रज्ञा माझ्याजवळ आली. "बाई, मघाशी मी..."

"मघाचं राहू दे. चहा टाक," मी म्हटलं. मला यापेक्षा जास्त बोलता आलं नसतं.

छपाई

शुक्रवार आणि शनिवार छपाई चालली. खळ शोभाताईंनी केली. आमच्याकडे वह्यांना कव्हर चिकटवायला करायचो तीच, तांदळाच्या पिठाची. फळीवर रंग आणि खळेचा ठिपका टाकायचा, आखूड ब्रशनं पसरायचा, खाचांमध्ये कागद बसवायचा आणि वरून बारेन फिरवायचा. बारेन म्हणजे बांबूच्या सालपटात गुंडाळलेली तळहाताएवढी चकती. नाओको-सानकडे दुसरा एक नव्या पद्धतीचा होता, खाली पोलादी गोळ्या बसवलेला. अशोकभाऊंना तो फार आवडला. त्यांनी तो उलटा करून प्रत्येक गोळी फिरवून पाहिली. शोभाताईंनी सालपटाचा घेतला. खांद्यातून जोर काढून त्या असा फिरवत होत्या की नाओको-सान म्हणाल्या, मला हे शिकायला तीन वर्षं लागली. "तीस वर्षं भाकऱ्या थापतेय," शोभाताई म्हणाल्या, "तिला म्हणावं, त्यातली तीन दिली तुला."

पहिला कागद सोलून वर उचलला तेव्हा पाचही डोकी एकत्र आली. गडद निळी दोरी या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग गेली होती. कागदाला मात्र फ्रीजमधल्या सुकटीच्या चटणीचा मंद वास येत होता. प्रज्ञा कपाळाला हात लावून बसली. नाओको-साननी दीर्घ श्वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "बदलापूर." आम्ही इतके हसलो की शेजारचे दार उघडून बघायला आले. वाळल्यावर वास गेला.

मग एकेक निळा चढत गेला, आणि शेवटी आकाश. आकाशाच्या फळीवर रंग एकाच कडेला लावून ओल्या ब्रशनं तो खाली विरत नेतात, त्यामुळे वरचा गडद निळा डोंगरापाशी येईपर्यंत नुसता श्वासासारखा उरतो. पाच-सहा प्रती बिघडल्या. जास्तीचे कागद होते म्हणून निभावलं. शनिवारी दुपारी तीस प्रती दोऱ्यांवर टांगल्या होत्या. अशोकभाऊ फळी धुऊन खिडकीत घेऊन बसले होते आणि तिच्यावरून पुन्हा पुन्हा नख फिरवत होते. "जोड सापडत नाही," ते म्हणाले. कोणाला सांगत होते कोण जाणे.

निरोप

रविवारी सकाळी खरवईच्या खोलीत कागद दाबून सरळ केले आणि सह्यांना बसलो. आधी नाओको-सान, मग प्रज्ञा, चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत पेन्सिलीनं. मग नाओको-साननी पेन्सिल अशोकभाऊंपुढे ठेवली. जुन्या चित्रांवर फळी कापणाऱ्याचं नाव असायचं, त्या म्हणाल्या. यावरही हवं.

"छे! मी एक तुकडा बसवला फक्त," अशोकभाऊ म्हणाले. "आमच्या पॅटर्नवर नंबर असायचा. नाव कोणाचंच नसायचं."

प्रज्ञानं सांगितलं. नाओको-साननी पेन्सिल उचलली नाही. तशाच हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मी पाहिलं, प्रज्ञाही पेन्सिलीकडेच बघत होती.

"मराठीत लिहिलं तर चालेल का?" बऱ्याच वेळानं अशोकभाऊंनी विचारलं.

त्यांनी पहिल्या कागदावर लिहिलं, "अशोक". शाळेतल्या पाटीवर लिहावं तसं, अक्षर न् अक्षर सुटं, वरची रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. पुढच्या कागदावरही तसंच. प्रत्येक वेळी आधी फुंकर, मग हाताखाली कोरा कागद, मग नाव. विमानतळाची गाडी येऊन खाली उभी राहिली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. नाओको-सान प्रज्ञाला म्हणाल्या, त्याला म्हणावं, थांब. शोभाताई त्याला पाणी आणि जांभळं द्यायला खाली गेल्या. मला त्या खोलीत बसायला मिळालं, याबद्दल कोणाचे आभार मानावेत ते कळेना. सात दिवसांत मला जेवू घालणारी, शिकवणारी, माझी चूक भरून काढणारी सगळी माणसं तिथंच होती.

तिसावा कागद झाला. अशोकभाऊंनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा काढला आणि बोटांची उघडझाप केली.

"हात भरून आला," ते म्हणाले.

प्रज्ञानं त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मनगटापासून दाबायला लागली. त्यांनी तो काढून घेतला नाही.